कैद्यांची रजा आणि सरकारची मर्जी

२०२४ च्या ऑक्टोबरात हरियाणा विधानसभेचे मतदान अवघ्या काही दिवसांवर आले असता रोहतकच्या तुरुंगाचे दार उघडले आणि बलात्काराच्या दोन गुन्ह्यांबद्दल २०१७ साली २० वर्षांची शिक्षा झालेले गुरमीत राम रहीम २० दिवसांच्या रजेवर बाहेर पडले. ही त्यांची पहिली रजा नव्हती. पुढे २०२५ च्या जानेवारीत, दिल्लीच्या निवडणुकीच्या तोंडावर, तेच दार पुन्हा उघडले. असे घडले की लोकमत खवळते व 'ह्या रजा बंदच करा' अशी ओरड सुरू होते. संताप रास्त आहे. मागणी मात्र आम्हांस मान्य नाही.

महाराष्ट्रात ह्या रजांचे नियम १९५९ सालचे आहेत. त्यांत संचित रजा निराळी, अभिवचन रजा निराळी. पहिलीस कारण लागत नाही; काही काळ शिक्षा भोगलेल्या, सद्वर्तनी कैद्याचे घराशी नाते तुटू नये, एवढाच तिचा हेतू. दुसरी प्रसंगापुरती : आप्ताचा मृत्यू, गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, घर कोसळणे. संचित रजा हा कैद्याचा निरपवाद हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ह्याच नियमांचा अर्थ लावताना सांगितले. ते योग्यच आहे. परंतु जेथे हक्क नाही तेथे अधिकाऱ्याची मर्जी चालावी, असा त्याचा अर्थ खचित नव्हे.

प्रत्यक्षात घडते काय? अर्ज गेला की पोलिसांचा अहवाल मागविला जातो, आणि कैद्यास घरी ठेवून घेणारा नातलग जामीनदार म्हणून उभा राहावा लागतो. वजनदार असामीस ह्यांपैकी कशाचीच वाण नसते. उलट ज्याची आई म्हातारी, भाऊ ऊसतोडीसाठी परमुलखात आणि गावच्या पुढाऱ्याशी ज्याचे वाकडे, त्याच्या अर्जावर 'शांततेस बाधा येण्याचा संभव' एवढा शेरा पडला की कागद निकालात निघाला! खटल्यात ज्याची जमीन गेली त्याने जामीनदार आणावा कोठून? आई वारल्याची खातरजमा होईतो तिचे तेरावेही उलटून जावयाचे. रजा बंद झाल्या तर बुडेल तो हाच. बड्यांना दुसरी दारे सापडतील.

आणि हे कोठे? तर औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून जेथे कैद्यांना कुटुंबासह उघड्या शेतावर राहू दिले, त्या मुलखात! त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपटाचे कौतुक आपण अद्याप करतो. प्रयोगामागील विश्वास तेवढा विसरलो.

नकाराची कारणे लेखी द्यावीत, निर्णयास मुदत घालावी, निर्धनास जामिनाऐवजी पोलीस ठाण्यावरील हजेरी पुरेशी मानावी. ज्यांचे माणूस त्या गुन्ह्यात गेले त्यांना आरोपी गावी येणार हे आधी कळवावे. त्यांच्या भयाची दखल घेणे हे उपकाराचे काम नव्हे. वर्षभरात अर्ज किती आले, किती फेटाळले, कशासाठी, ह्याचा तक्ता गृहखात्याने विधिमंडळापुढे ठेवावा. आणि निवडणुकीच्या दिवसांत कोणास रजा मिळाली असेल, तर त्या आदेशाखाली सही कोणाची, तेही त्यात असावे.