कोळीवाड्याची सहल

सुटींत मुलांस कोठें न्यावें हा प्रश्न पालकांस दर वर्षीं पडतो, आणि त्याचें उत्तर बहुधा समुद्रकांठच्या एखाद्या रिसॉर्टपाशीं येऊन थांबतें. आमचें मत निराळें आहे. ज्यांस एकच दिवस मोकळा आहे त्यांनीं विरारच्या पश्चिमेस अर्नाळ्यास जावें; मात्र किनाऱ्यावर डबे सोडून परतूं नये, तर होडींत बसून समोरच्या बेटावर उतरावें. गेल्या नाताळाच्या सुटींत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों.

हें बेट वैतरणा नदीच्या मुखाशीं आहे. येथील किल्ला मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून १७३७ मध्यें घेतला, व दोनच वर्षांनीं चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. तट, बुरूज, आंतील अष्टकोनी तळें हीं सर्व अवश्य पाहावीं. परंतु किल्ल्याची माहिती पुस्तकांत मिळते. त्याच्या सावलींत जें गांव नांदत आहे, त्याची सहसा मिळत नाहीं.

गांवांत शिरतांच डोळ्यांत भरतात ते रंग. निळ्या, तांबड्या, पिवळ्या होड्या, त्यांवरील निशाणें, कोळणींचीं लुगडीं! हे रंग शोभेकरितां लाविले असावेत असें मुलांस वाटलें. शोभा आहेच, परंतु खाऱ्या पाण्यापासून लांकडाचें रक्षण करण्याचें कामहि हा रंग करितो. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या अवधींत होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करितात, रंग देतात, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून मग त्या पाण्यांत लोटतात.

मोकळ्या जागेंत बांबू रोवून त्यांवर दोर ताणले होते व दोरांवर बोंबील वाळत होते. बोंबलाच्या अंगांत पाण्याचाच अंश फार. ताजा मासा हातांत धरला तर निसटून जातो. तो दोरावर राहतो कसा, हें आमच्या मुलास कळेना. तेथें बसलेल्या एका वृद्ध मावशींनीं दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकविला आणि ती जोडी दोरावर टाकली. ना खिळा, ना गांठ! मीठ न लावतां तीन-चार दिवस कडक ऊन मिळालें म्हणजे माल तयार होतो. मध्येंच अवकाळी पावसाची एक सर आली कीं सगळे श्रम वायां जातात.

हे बोंबील डोल नांवाच्या जाळ्यांत सांपडतात. डोल म्हणजे मोठी निमुळती पिशवीच. ती समुद्रांत एके ठिकाणीं पक्की बांधून तिचें तोंड प्रवाहाकडे ठेवितात. मासे भरती-ओहोटीच्या ओघाबरोबर आपोआप आंत येतात. म्हणून ओघ केव्हां फिरेल हें कोळ्यास ठाऊक असावेंच लागतें. त्याचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावें. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीचा सुमार निघतो: चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. चंद्राच्या आकर्षणाचा धडा आम्ही भूगोलांत पाठ करितों. हे लोक त्याच धड्यावर पिढ्यान्पिढ्या पोट भरीत आले आहेत.

आतां जें सांगण्याकरितां लेखणी हातीं घेतली तें सांगतों. आमच्याच होडींतून उतरलेल्या एका सुखवस्तु कुटुंबांतील माणसांनीं बेटावर पाय ठेवतांच रुमाल नाकाशीं धरले व परत निघेपर्यंत ते काढले नाहींत. त्यांचीं मुलें प्रथम धांवत होतीं; वडिलांकडे पाहून त्यांनींहि नाकें धरलीं. मग त्याच मंडळींनीं, माशांच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांचीं, त्यांस एका शब्दानें न विचारतां, छायाचित्रें घेतलीं. मासळीच्या गांवास मासळीचा वास येणारच. फुलांचा कोठून यावा? पण हीच मुलें उद्यां वर्गांत कोळ्याच्या मुलाशेजारीं बसण्यास कां-कूं करितात, आणि मग तो मुलगा आपलें गांव सांगावयास लाजूं लागतो. अशी लाज वाटून शाळा सोडणारा विद्यार्थी बुद्धीनें कमी नसतो. ख्रिस्ताचे पहिले शिष्य पेत्र, अंद्रिया, याकोब व योहान हे गालील समुद्रावरील कोळीच होते. त्यांच्या कपड्यांस कसला वास येत असेल, याचा विचार आपण प्रार्थनेच्या वेळीं कधीं केला आहे काय?

दुसरी गोष्ट दराची. हॉटेलांत चहाचें बिल निमूटपणें देणारे गृहस्थ कोळणीशीं दहा रुपयांकरितां हुज्जत घालतात. ती पहांटेपासून उभी आहे हें त्यांस दिसत नाहीं, कीं दिसूनहि त्याचें कांहीं वाटत नाहीं, कोण जाणे.

पालकांनीं जातांना पाण्याच्या बाटल्या न्याव्यात व रिकाम्या झाल्यावर परत आणाव्यात. वाळणाच्या जागेंतून चालत जाऊं नये. छायाचित्र हवें असेल तर आधीं मावशींस विचारावें; आमच्या मुलीनें विचारलें, तेव्हां त्यांनीं पदर सारखा केला, दोन नव्या जोड्या दोरावर चढविल्या, आणि मगच "काढ" म्हणून सांगितलें. निघतांना आम्हीं त्यांच्याकडून सुके बोंबील सांगतील त्या भावानें घेतले. परतीच्या बसमध्यें शेजारच्या प्रवाशांनीं पिशवीकडे दोनदां वळून पाहिलें. आमच्या मुलीनें ती उचलून आपल्या मांडीवर घेतली.