सगोत्र गाड्या

आमच्या अण्णाकाकांना निवृत्तीनंतर दोन नाद लागले: एक कुलवृत्तांताचा, दुसरा जुन्या मोटारींचा. एकच लागता तर घरातल्यांनी निभावून नेले असते. पण काकांनी दोन्हींचा द्वंद्व समास केला आणि विग्रह करायला घरात मराठीचा प्राध्यापक मी एकटाच!

आता मोटार दिसली की काका आधी कूळ सांगतात. "ॲम्बॅसडर ना? मूळचे ऑक्सफर्डकर. मॉरिस घराणे." ते खरेच आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरूनच ती आपल्याकडे घडली. पुढे तिच्यात इंजिन आले ते ऑस्टिनच्या वळणाचे. ऑस्टिन आणि मॉरिस ही एकेकाळची प्रतिस्पर्धी घराणी. 1952 साली एकत्र झाली. मग त्या एकत्र कुटुंबाने ऑस्टिन, मॉरिस, वुल्सली, रायली आणि एमजी अशी जवळजवळ एकाच अंगलटीची पाच भावंडे बाजारात आणली. तोंडावरची जाळी पाहिल्यावाचून कोण कोणते ते कळू नये. आमच्या कुलवृत्तांतातल्या छायाचित्रांची हीच तऱ्हा आहे. तिथे जाळीच्या जागी मिशा.

काकांची स्वतःची गाडी पद्मिनी. माहेर इटलीचे, फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियरने तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि 1974 साली चितोडच्या राणीचे नाव ठेवले. मुंबईत तिच्या बहिणी टॅक्सी होऊन जन्मभर राबल्या. त्यांतली शेवटची 20 वर्षांचे वय भरून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, त्या रात्री काका जेवले नाहीत.

माणसांत सगोत्र विवाह चालत नाही, असे आमचे वाडवडील सांगत. मोटारीत सगोत्रावाचून साधा नटसुद्धा बसत नाही. काकांच्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर गेला तेव्हा ही अडचण उभी राहिली. गावभर शोधले. तसली दुसरी गाडी नदीपलीकडे, अंगणात बंद पडून होती, ती नेमकी थोरल्या दादाकाकांची. कोकणातल्या घराच्या वाटणीत फणस कोणाचा, यावरून दोघा भावांचे बोलणे 1998 पासून बंद. कुलवृत्तांतात सातशे आप्त जमवले, पण सख्ख्या भावाची नोंद काकांनी दीड ओळीत उरकली होती.

शिष्टाईला अर्थातच मी गेलो.

"कोणाच्या गाडीला हवाय?" दादाकाकांनी विचारले.

"पद्मिनीच्या."

"कोणाच्या, ते विचारलं!"

मी गप्प राहिलो. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, मग बॉनेट उघडले, तासभर खपून कार्ब्युरेटर काढला आणि जुन्या धोतरात गुंडाळून हातात दिला. "जेट साफ करून बसव म्हणावं. धसमुसळा आहे तो."

निरोप मी शब्दशः पोचवला. काका म्हणाले, "अजून मलाच शिकवतोय!" आणि आत जाऊन जेट साफ करत बसले.

तेव्हापासून दर रविवारी मी नदी ओलांडतो. जाताना फणसपोळीचा डबा, येताना एखादा सुटा भाग. डायनॅमो आला, क्लचप्लेट आली. दादाकाकांच्या गाडीत आता स्टिअरिंग आणि हॉर्न एवढेच उरले आहेत. ते संपले की मात्र दोघांनी आपापले बोलावे. मला पेपर तपासायचे आहेत.