फ्यूजच्या जागी तार नको!



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे रात्र आणि दिवस एक होतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळतो, वजन घटते, उताराही घसरतो. म्हणून वाहतूकदार रात्रीची खेप सोडत नाही. त्याची घाई खरी आहे. परंतु या घाईत एक वाईट खोड आपल्याला लागली आहे. तिच्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे.

जुन्या ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा फ्यूज उडाला की आपण काय करतो? सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, नाहीतर तांब्याच्या वायरचे चार पदर पिळून बसवतो. "त्याला काय होतंय, काट्यापर्यंत तर जाऊ!" मीही हेच केले आहे, म्हणून दुसऱ्याला नावे ठेवत नाही. एका रात्री भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना डॅशबोर्डखालून जळका वास आला, धूर निघाला. बॅटरीची वायर सोडवेपर्यंत सगळे वायरिंग वितळून एक झाले होते. डिझेलची टाकी तिथून हातभर अंतरावर! ट्रॉल्या अंधारात रस्त्यावरच उभ्या राहिल्या. एक मोटारसायकल अगदी उसाला टेकता टेकता थांबली. त्या माणसाने ब्रेक वेळेवर दाबला, एवढेच माझे नशीब.

फ्यूज हा राखणदार आहे. स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देणारी बॅटरी पातळ वायरीतून तेवढाच करंट ढकलू लागली, तर वायर पेटण्याआधी फ्यूजने वितळावे, हीच त्याची नेमणूक. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधले तर चोर जात नाही.

फ्यूज का उडतो, ते शोधणे अवघड नाही. आधी हिशेब करा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १२ व्होल्टवर ५५ वॅटचे २ बल्ब सुमारे ९ अँपिअर घेतात. जादा उजेडासाठी १०० वॅटचे बसवले की तोच आकडा १७ च्या घरात जातो. मग १५ अँपिअरचा फ्यूज उडणारच. त्यातून मागचा कामाचा दिवाही त्याच वायरीवर जोडलेला असला तर विचारायलाच नको.

बटण दाबताच उडत असेल, तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. खड्ड्यात आदळल्यावर उडत असेल, तर वायर घासली आहे. फक्त अप्परला उडत असेल, तर दोष अप्परच्याच वायरीत शोधावा. बॉनेटच्या भोकातले रबर, सायलेन्सरजवळची वायर, स्टेअरिंगखालचा जुडगा आणि ट्रॉलीचे चिखलाने भरलेले सॉकेट या नेहमीच्या जागा. उंदरांनाही विसरू नका.

एक सोपी युक्ती आहे. हेडलाईटचे दोन्ही बल्ब काढा आणि त्या फ्यूजवरचे बाकीचे दिवेही सोडवा. फ्यूजच्या जागी दोन वायरींचा एक १२ व्होल्टचा बल्ब जोडून हेडलाईटचे बटण चालू करा. हा बल्ब पेटला, तर करंट पत्र्यात उतरतो आहे. मग एकेक वायर हलवत चला. ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब विझेल, तिथेच दुखणे. वायर दुरुस्त करताना मात्र आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

माझे मत असे की, दोन्ही हेडलाईट एकाच फ्यूजवर असतील तर ते वेगळे करून घ्यावेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा घरी आणतो. योग्य अँपिअरचे चार फ्यूज टूलबॉक्समध्ये असावेत. आणि वाहतुकीचे करार करताना कारखान्याने दिवे, फ्यूज व ट्रॉलीमागचे लाल रिफ्लेक्टर तपासूनच गाडी लावावी. यात खेपा बुडतील असे कोणी म्हणेल. पण तपासणी हंगामाआधी केली तर एकही खेप बुडत नाही.

ऊस आपला आहे, कारखाना आपला आहे. त्या अंधाऱ्या रस्त्याने दुचाकीवर घरी येणारा पोरगाही आपलाच आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद