लाल चोचीचा राघू

भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत माणसाला चकलीचे दर्शनही नकोसे होते. घरात डबे भरलेले, तोंड तुपकट झालेले आणि हिरवे म्हणावे असे काही असेल तर ती दारावरच्या तोरणातली आंब्याची पाने! गेल्या वर्षी आमची हीच अवस्था झाली असताना भाचेबुवा म्हणाले, "मामा, रात्री दाणे घालून पालक करू या. बीजिंगला करतात तसा." हे चिरंजीव चिनी भाषा शिकायला दोन वर्षे तिकडे होते.

पालेभाजीत दाणे घालणे आपल्याला काही नवे नाही. अळूच्या फतफत्यात ते असतात, ताकातल्या पालकातही असतात. पण आपला दाणा शिजून भाजीशी एकजीव होतो. तिकडचा दाणा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहिला पाहिजे. सगळी खुबी तेवढीच. बाकी चीनमध्ये दोघेही पाहुणेच! पालक नेपाळच्या राजाने इ. स. 647 मध्ये तांग दरबारी पाठवला अशी चिनी नोंद आहे. भुईमूग त्यानंतर कित्येक शतकांनी आला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला.

आमच्या हिने जुडीची मुळे छाटायला सुरी उचलली, तोच भाचा ओरडला, "मामी, थांब! चोच कापू नकोस." पालकाला चिनी लोक लाडाने 'लाल चोचीचा हिरवा राघू' म्हणतात, ती चोच म्हणजे तांबूस मुळाचे टोक. ते ठेवायचे.

"आणि त्यातली माती?" हिने विचारले.

"आण ती जुडी इकडे," आई म्हणाली.

इथे थोडे घरचे सांगायला हवे. आईला ब्याऐंशी वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी मेथीत एक अळी निघाली, तेव्हापासून हिने निवडलेल्या भाजीची पाकिटे आणायला सुरुवात केली. कोणी कोणाला काही बोलले नाही. आई मात्र तेव्हापासून पालेभाजी वाढू देत नसे.

"आई, राहू द्या, दिसायचं नाही तुम्हाला," ही म्हणाली.

"कचकच डोळ्याला कुठं दिसते? बोटाला कळते ती."

परातीत पाणी घेऊन आईने एकेक रोप उकलले आणि देठांच्या बेचक्यात अंगठा फिरवला. चार पाणी बदलली. आमच्या पालकाची चोच फिकी गुलाबीच निघाली, पण होती.

पुढचे काम दहा मिनिटांचे. चिवड्यातून उरलेले अर्धी वाटी दाणे थंड तेलातच टाकून मंद आचेवर तळले. तापल्या तेलात टाकले तर ते बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. रंग चढू लागताच काढायचे, कारण बाहेर काढल्यावरही तो चढतच असतो. गार झाले की कुरकुरीत होतात. मग खळखळत्या पाण्यात पालक आधी मुळांकडून, पाठोपाठ सबंध, जेमतेम अर्धा मिनिट. लगेच गार पाण्यात. त्याने हिरवा रंग टिकतो, आणि दातांना राठपणा आणणारे ऑक्झॅलिक आम्ल बरेचसे उकळत्या पाण्यात उतरून जाते. ते पाणी ओतून द्यायचे. पालक पिळून दोन-दोन बोटांचे तुकडे केले. दोन चमचे शिरका, एक चमचा सोयासॉस, अर्धा चमचा साखर, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या आणि थेंबभर तिळाचे तेल. तिकडे चिकट तांदळाचा काळा शिरका घेतात. आम्ही घरातला साधाच घेतला. पाने वाढल्यावरच सारे कालवले. आधी कालवून ठेवाल तर दाणे सादळतील आणि मग ती आपलीच भाजी होईल, तीही बिघडलेली!

आईने पहिला घास सावकाश खाल्ला. मग ताट पुढे केले. "दाणे नकोत, कवळीत अडकतात. पाला वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने मंडईतून मुळांसकट, मातीसकट मेथीची जुडी आणली आणि आईपुढे जुने वर्तमानपत्र पसरले.