संगणकाशी गप्पा : दोन टिंबं, दोन रेघा

गल्लीत क्रिकेट खेळताना खेळापेक्षा भांडणातच जास्त वेळ जातो, हो की नाही? "एक टप्पा आऊट ठेवायचा!" "छे, तो बारक्यांचा नियम." "गच्चीत गेला तर आऊट." "वा रे वा, मग सिक्सर मारायचीच नाही का?" शेवटी ज्याची बॅट, त्याचा नियम! आणि फारच झालं की बॅटवाला फुरंगटून बॅट घेऊन घरी जातो. संपला खेळ.

आज अशाच एका भांडणाची गोष्ट सांगतो. फरक एवढाच, की भांडणारी मंडळी चांगली मोठी, जगभरची हुशार माणसं होती. आणि भांडण कशावरून? तर दोन टिंबं आणि दोन रेघांवरून! ही पाहा ती खूण, :=

संगणकाला काम सांगायचं तर त्याला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. अशा भाषा पुष्कळ आहेत. त्यांतली एक पायथन. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अॅमस्टरडॅममध्ये ग्वीडो व्हॅन रॉसम या डच तरुणाला हाताला काहीतरी उद्योग हवा होता, म्हणून त्यांनी ही भाषा रचायला घेतली. १९९१ साली ती लोकांपुढे आली. नाव ऐकून अजगर डोळ्यांपुढे येतो ना? पण त्याचा इथे काही संबंध नाही बरं का! 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' हा बीबीसीचा विनोदी कार्यक्रम ग्वीडो यांच्या आवडीचा. त्यावरून भाषेचं बारसं झालं.

भाषा सगळ्यांना फुकट वापरायला मिळाली. वापरणारे वाढले, तशा सूचनाही वाढल्या. कुणाला हे हवं, कुणाला ते नको. मग २००० साली एक पद्धत ठरली. ज्याला बदल हवा असेल त्यानं नीट प्रस्ताव लिहायचा. त्याला 'पेप' म्हणतात. प्रत्येक पेपला क्रमांक मिळतो. काय हवं, का हवं, हे तर त्यात लिहायचंच; पण दुसरे कोणते उपाय सुचले होते आणि ते का सोडून दिले, हेही लिहायचं. मग चर्चा. शेवटचा शब्द ग्वीडो यांचा. लोक त्यांना गमतीनं 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणायचे. म्हणजे ज्याची बॅट, त्याचा नियम. पण आधी सगळ्यांचं ऐकून घेऊन!

या मंडळींचा सर्वांत आवडीचा वाद म्हणजे नावांचा. प्रोग्राम लिहिताना आकडे, शब्द जपून ठेवायला जणू डबे लागतात. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची. संगणकाला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. डब्याला 'क' म्हणा, 'क्ष' म्हणा की 'एकूण_गुण' म्हणा, त्याची बेरीज तीच येते. मग नावावरून वाद कशाला?

कारण प्रोग्राम संगणक चालवतो, पण वाचतो माणूस. आज तुम्ही लिहिलेलं सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी दुरुस्त करायला घेतं. कदाचित तुम्हीच! तेव्हा 'क' म्हणजे काय ते आठवत नाही. बिस्किटांचा डबा म्हणून हौसेनं उघडावा आणि आत सुईदोरा निघावा, हा अनुभव तुम्हांला असेलच. प्रोग्राममध्ये अशी फसगत झाली की तासन् तास चूक शोधत बसावं लागतं.

म्हणून २००१ साली आठव्या क्रमांकाच्या पेपमध्ये नावांचे आणि लिहिण्याचे संकेत ठरले. साध्या डब्याचं किंवा कामाचं नाव लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत. शब्द दोन असले तर मधे खालची रेघ. जिला 'क्लास' म्हणतात त्या साच्याच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. कधीच बदलायचं नाही अशा आकड्याचं नाव सगळंच मोठ्या अक्षरांत. आपल्या लग्नपत्रिकेसारखंच हे! नावाआधी 'चि.' दिसलं की नवरामुलगा, 'चि. सौ. कां.' दिसलं की नवरीमुलगी. वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच पेपमध्ये आणखी एक गमतीदार सूचना आहे. छोटा 'एल', मोठा 'ओ' आणि मोठा 'आय' ही अक्षरं एकेकटी नाव म्हणून वापरू नका. का बरं? कारण काही छापांत ती १ आणि ० या इंग्रजी आकड्यांसारखीच दिसतात. घाईत लिहिलेला 'ख' आपण नाही का 'रव' असा वाचत, तसंच!

आता तुम्ही म्हणाल, ही नावं इंग्रजीतच का? हा प्रश्नही एका पेपमध्ये विचारला गेला, २००७ साली. काही जण म्हणाले, जगातल्या मुलांना आपापल्या भाषेत नावं देऊ द्या. दुसरे म्हणाले, मग एका देशातला प्रोग्राम दुसऱ्या देशात कोण वाचणार? दोघांचंही खरं होतं. तोड अशी निघाली, की नावं कुठल्याही लिपीत देता येतील, पण पायथनबरोबर येणारं सामाईक भांडार मात्र इंग्रजी अक्षरांतच राहील. डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून 'एकूण_गुण' हे नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच आहेत.

आता येऊ आपल्या दोन टिंबांकडे. समजायला सोपं जावं म्हणून पुढचा प्रोग्राम मी सगळाच मराठीत लिहितो.

लाडू = मोज(डबा)
जर लाडू > ५ : दादाला_बोलाव()

म्हणजे डब्यातले लाडू मोज, आकडा लक्षात ठेव. पाचापेक्षा जास्त असले तर दादाला बोलाव. दोन ओळी, दोन कामं. २०१८ च्या फेब्रुवारीत ख्रिस अँजेलिको यांनी ५७२ क्रमांकाचा पेप मांडला. पुढे टिम पीटर्स आणि खुद्द ग्वीडो हेही त्याच्या लेखनात सामील झाले. त्यांचं म्हणणं, हे एकाच ओळीत सांगता यावं :

जर (लाडू := मोज(डबा)) > ५ : दादाला_बोलाव()

मोजायचं, लक्षात ठेवायचं आणि तपासायचं, सगळं एकदम. खूण वेगळी का घेतली, तेही ऐका. 'सी' भाषेत एक बरोबरची खूण म्हणजे 'ठेव' आणि दोन बरोबरच्या खुणा म्हणजे 'सारखं आहे का?'. घाईत एक खूण गळाली, की विचारायचा होता प्रश्न आणि डब्यातली किंमतच बदलून बसते! पायथनमध्ये ही चूक होऊ नये म्हणून 'जर'च्या अटीत साधी बरोबरची खूण वापरून किंमत ठेवायला बंदीच होती. ती बंदी तशीच ठेवून नवी खूण आणली. मान वाकडी करून पाहा : दोन डोळे आणि दोन सुळे. थंड समुद्रातल्या वॉलरस प्राण्यासारखं दिसतं, म्हणून लोकांनी तिला 'वॉलरस' असंच नाव ठेवलं.

पण पुष्कळांना ती पटेना. एका ओळीत दोन कामं कोंबली की वाचताना ठेच लागते, पायथनचा साधेपणा जाईल, असं ते म्हणत. दुसरे म्हणत, तेच ते दोनदा लिहायचा त्रास वाचेल. मुद्दे दोन्हीकडे होते. पण दिवस गेले, महिने गेले, निरोपांवर निरोप झाले आणि मुद्दे बाजूला राहून आवाज चढले. जुलैमध्ये ग्वीडो यांनी पेप मंजूर केला. आणि काही दिवसांतच, १२ जुलै २०१८ रोजी, त्यांनी जाहीर केलं, की यापुढे मी निर्णय देणार नाही. एका प्रस्तावासाठी एवढं झगडायचं आणि त्यापायी इतक्या जणांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे त्यांना पुन्हा नको होतं. दोन टिंबं आणि दोन रेघा, आणि जवळजवळ तीस वर्षं सांभाळलेली खुर्ची रिकामी!

पण दोस्तांनो, बॅटवाला घरी गेला, तरी बॅट मैदानातच ठेवून गेला. वारसही नेमला नाही. पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मागे राहिलेल्यांनी काय केलं असेल? पुन्हा पेपच लिहिले! कारभार कसा चालवायचा याचे सात निरनिराळे आराखडे मांडले आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदानानं एक निवडला. पाच जणांचं मंडळ. त्यात एकाच कंपनीचे दोनाहून जास्त जण असायचे नाहीत. आणि भाषेची नवी आवृत्ती आली की पुन्हा निवडणूक. २०१९ च्या सुरुवातीला पहिले पाच जण निवडून आले. त्यांत एक कोण असेल? ग्वीडो! आता पाचांतले एक म्हणून. ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ ही आवृत्ती वॉलरस घेऊन बाहेर पडली. ज्याला खूण आवडते तो वापरतो, ज्याला नाही तो आपल्या दोन ओळी लिहितो. खेळ चालूच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी 'एक टप्पा आऊट'वरून जुंपली, की एक करून पाहा. कागद घ्या. तुम्हांला काय हवं आणि का हवं, ते लिहा. मग खाली समोरच्याचं म्हणणं लिहा. त्याला वाचून दाखवल्यावर "हो, मी हेच म्हणत होतो" असं तो म्हणेल इतकं प्रामाणिकपणे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे, आधीच सांगून ठेवतो.

आणि वादात हरलात, तरी बॅट मैदानातच राहू द्या. काय?