सही आहे, शिक्का आहे. जाहिरात सापडत नाही

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात बसून उभे केले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, पुढे वीस खंड झाले आणि आज ते लेखन इंटरनेटवर आहे. मोबाइलवर एखादा शास्त्रीय मराठी शब्द टाकला की पुष्कळदा वरच्या काही उत्तरांतच विश्वकोशाची नोंद दिसते. त्याच मोबाइलवर ‘कंत्राटी परिचारिका, महाबळेश्वर तालुका’ असे काही टाकले तर समोर येतात ती बहुधा खासगी भरती-संकेतस्थळे. ज्या कार्यालयाने पद काढले त्याचा मूळ कागद त्यांत क्वचितच असतो. विश्वकोश सरकारी, भरतीही सरकारी, भाषा दोन्हीकडे मराठीच. तरीही कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली नोंद हाती लागते आणि दहा दिवसांत मुदत संपणारी नोकरी लागत नाही. याचा दोष गुगलला देण्याची आपल्याला सवय आहे. तो बहुतांशी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्याचा आहे.

शोधयंत्र काय करते ते ग्रंथालयात वावरलेल्या माणसाला चटकन कळेल. जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी. शोधयंत्र सगळ्या इंटरनेटची तशी सूची आधीच करून ठेवते आणि आपण शब्द टाकला की त्या सूचीत पाहते. पीडीएफ फायली गुगलच्या सूचीत २००१ पासून आहेत. वर्ड आणि एक्सेलच्या फायलीही त्याच वर्षी आल्या. म्हणजे फाइल पीडीएफ आहे ही अडचण नव्हेच, तिच्यात अक्षरे आहेत की नाहीत ही आहे. राज्यातील कितीतरी कार्यालयांत जाहिरात संगणकावर टंकलिखित होते, मग तिची छापील प्रत निघते, तिच्यावर सही आणि गोल शिक्का उमटतो आणि शेवटी तो कागद स्कॅन होऊन संकेतस्थळावर चढतो. टंकलेखकाने तयार केलेली अक्षरे या प्रवासात मरतात आणि उरतो तो कागदाचा फोटो. त्या फोटोत ‘परिचारिका’ हा शब्द माणसाला दिसतो, यंत्राला तिथे फक्त काळे-पांढरे ठिपके असतात.

जिथे स्कॅन नाही तिथे बरेचदा जुना फॉन्ट असतो. कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट युनिकोड रुळण्याआधीचे. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. कृतिदेवमध्ये ‘भरती’ हा शब्द यंत्राच्या लेखी एच, के, जे, आर, एच अशी पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे आहे. ‘भरती’ शोधणाऱ्या तरुणाला ती फाइल जन्मात सापडणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. इतक्या वर्षांनंतरही सरकारी टेबलांवर जुने फॉन्ट टिकून आहेत, कारण बोटांना तो कळफलक पाठ आहे. आणि युनिकोडमध्ये टाइप केले तरी पीडीएफ नीट बनवली नाही तर घोळ होतोच. आपली पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, साठवली जाते व्यंजनाच्या नंतर. फाइलमध्ये अक्षरांचा मूळ क्रम जपला नसेल तर ‘शिक्षक’मधली वेलांटी सुटून भलतीकडे जाऊन बसते. जोडाक्षरांची गत तर विचारूच नये.

यात नुकसान कोणाचे होते? तलाठी किंवा जिल्हा परिषदेच्या महाभरतीला उतरणाऱ्यांचे नाही. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या चार हजारांवर पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तशा भरतीची बातमी लपवू म्हटले तरी लपत नाही. हरवतात त्या एक-दोन पदांच्या सूचना: ग्रामीण रुग्णालयातील कंत्राटी तंत्रज्ञ, तासिका तत्त्वावरचा अध्यापक, अंगणवाडी मदतनीस, पोलीस पाटील. यांतली शेवटची दोन पदे तर त्याच गावच्या रहिवाशालाच मिळू शकतात. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोरे नकाशावर पाहावे. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या त्या गावांतून लाँचने तापोळ्याला यायचे आणि तिथून पुढे तालुक्याला. तहसीलच्या फलकावरचा कागद वाचायचा तर दिवस मोडतो. या उमेदवाराच्या दृष्टीने मोबाइलवरचा शोध ही चैन नाही, फलकाला असलेला तो एकमेव पर्याय आहे. आणि तिथेच फलकाचा फोटो टांगलेला. पाचगणीतल्या निवासी शाळा आणि हॉटेले यांचाही मार्ग फारसा वेगळा नाही. वसतिगृह अधीक्षक किंवा आचारी हवा असल्याचे रंगीत पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरते आणि दोन दिवसांनी गडप होते. पण खासगी संस्था आपली माणसे कशी शोधते हा तिचा प्रश्न. सरकारचे तसे नाही.

कारण सार्वजनिक नोकरीतील समान संधी हा संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे, आणि जी संधी कळलीच नाही ती समान कशी असेल? रोजगार विनिमय केंद्राकडून आलेल्या नावांवरच भरती उरकण्याच्या पद्धतीचा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली विचार केला. केंद्राकडून नावे मागवावीतच, पण त्याशिवाय खप असलेल्या वृत्तपत्रांत, कार्यालयाच्या फलकावर, आकाशवाणी-दूरदर्शनवरही पद जाहीर करावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्या काळी लोकांपर्यंत पोहोचण्याची जी साधने होती ती सगळी त्यात आली. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलमही स्वतःहून द्यायची माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा रीतीने द्यावी असे म्हणते. आज ते साधन कोणते याबद्दल वाद होईल असे वाटत नाही. आणखी एक विसंगती इथे नोंदवायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत, त्यांत एक टक्का अंध व क्षीणदृष्टी उमेदवारांसाठी. तो तपशील जाहिरातीत छापलेला असतो, आणि ती जाहिरात स्कॅन केलेली असली की अंध उमेदवाराचे मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिच्यापुढे मुके होते.

यावर कार्यालयांचे पहिले उत्तर ठरलेले असते: सही-शिक्क्याशिवाय कागदाला अर्थ नाही. चिंता रास्त आहे, पण तिचे उत्तर याच शासनाने स्वतः शोधून ठेवले आहे. मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होतो, त्यावर संकेतांक असतो आणि तो कोणालाही संकेतस्थळावर पडताळता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच अशा स्वाक्षरीला मान्यता दिली. जे शासन निर्णयाला चालते ते जाहिरातीला न चालण्याचे कारण दिसत नाही. आणि हाताची सहीच हवी असेल तर तीही राहू द्या. स्कॅन प्रत जोडपत्र म्हणून ठेवा आणि तोच मजकूर पानावर अक्षरांत लिहा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. मुलांना सगळे कळते, टेलिग्रामचे गट आहेत, भरतीची संकेतस्थळे आहेत, अभ्यासिकेत बसणारा एकही मुलगा सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, मग एवढी काळजी कशाला? हा आक्षेप मला माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. ही खासगी संकेतस्थळे करतात काय? सरकारी फोटोतला मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतात. जे काम कार्यालयाने करायला हवे होते ते करून ती शोधात वर येतात आणि भोवतीच्या जाहिरातींवर कमावतात. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. काही जण ते काळजीपूर्वक करतात. पण टाइप करताना शेवटची तारीख चुकली तर उत्तरदायी कोणी नाही. शिवाय बनावट भरतीच्या जाहिराती देऊन शुल्क उकळणाऱ्या टोळ्यांचे इथेच फावते. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाला अशा खोट्या भरत्यांचे खुलासे वारंवार करावे लागतात. खरी जाहिरात एका शोधात सापडत असेल तर खोटी ओळखता येते. अस्सलच सापडत नाही तेव्हा नक्कल कशाशी ताडून पाहायची? वृत्तपत्रांत जाहिरात येते हे खरे, पण तिथे हल्ली बरेचदा ‘सविस्तर तपशील संकेतस्थळावर’ एवढीच ओळ असते. आणि आमच्या धंद्याने फार ताठ मानेने बोलू नये, मराठी वृत्तपत्रांचे ई-पेपरही बहुतेक पानांचे फोटोच असतात.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. यंत्रे आता चित्रातली अक्षरे वाचतात. गुगलने स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचायला २००८ मध्येच सुरुवात केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर तिरका, पुसट कागदही उलगडतो. मग थोडे थांबले तर प्रश्न आपोआप सुटणार नाही का? काही अंशी सुटेलही. पण यंत्र वाचू शकते आणि यंत्राने वाचलेच यांत अंतर आहे. कोणती फाइल कधी तपासायची आणि सूचीत घ्यायची की नाही हे शोधयंत्र ठरवते, त्याची हमी कोणी देत नाही. शिक्का नेमका अर्हतेच्या ओळीवर उमटलेला असेल तर ती ओळ यंत्राने अंदाजाने भरायची काय? नोकरीची जाहिरात नाशवंत माल आहे हे गुगललाही ठाऊक आहे. म्हणून भारतात २०१८ पासून नोकऱ्यांचा शोध वेगळा दिसतो, आणि पद, ठिकाण, अंतिम तारीख अशी खूणपट्टी लावलेले पान प्रसिद्ध होताच शोधयंत्राला कळवण्याची खास सोयही नोकरीच्या जाहिरातींसाठी ठेवलेली आहे. ती सोय पानांसाठी आहे. कागदाच्या फोटोला ती खूणपट्टी लावणार कुठे?

उलट बाजूचीही एक शंका आहे: सगळेच शोधता येऊ लागले तर उमेदवारांच्या खासगीपणाचे काय? इथे आजची परिस्थिती अक्षरशः उफराटी आहे. जाहिरात फोटोत अडकलेली असते, पण पात्र-अपात्र उमेदवारांची यादी एक्सेलमधून थेट निघते, म्हणून ती शोधयंत्राला सुरेख वाचता येते. नाव, जन्मतारीख, जातीचा प्रवर्ग, कधी मोबाइल क्रमांकसुद्धा. भरती संपून वर्षे लोटली तरी कोणी एखाद्या मुलीचे नाव टाकले की ती कोणत्या पदाला अपात्र ठरली हे समोर येऊ शकते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण इतकी साधी काळजी कायद्याविनाही घेता आली असती. यादीत अर्ज क्रमांक पुरतो. नावे देणे भागच असेल तर त्या फाइलला सूचीत घेऊ नये असा संकेत सर्व्हरवरून शोधयंत्रांना देता येतो. ही सोय २००७ पासून उपलब्ध आहे. तेव्हा खासगीपणाची काळजी ही जाहिरात झाकून ठेवण्याची सबब होऊ शकत नाही. काय सापडावे आणि काय सापडू नये हे कार्यालयाने समजून ठरवावे एवढेच म्हणणे आहे. आज ते स्कॅनर ठरवतो.

खर्चाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यात फारसे काही नाही. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तयार साच्यावर चालतात. त्यांतल्या भरतीच्या पानावर शीर्षक, वर्णन, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि फाइल असे रकाने आधीपासूनच आहेत. शीर्षक भरले जाते, तारखा भरल्या जातात, फाइल जोडली जाते. वर्णनाच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा शीर्षकच पुन्हा डकवलेले असते. पदाचे नाव, गाव, तालुका, शिक्षणाची अट, मानधन आणि अर्ज कुठे द्यायचा हा सगळा मजकूर लिपिकाने छापील प्रत काढण्यापूर्वी टाइप केलेलाच असतो. तो तिथून उचलून या रकान्यात टाकायला, जुना फॉन्ट असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला, अर्धा तास पुष्कळ झाला. छापून, सही घेऊन, स्कॅन करायला त्याहून जास्त वेळ लागतो.