संगणक टिकावा, मानही टिकावी

घरात नवा संगणक घ्यायचे ठरले की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते आणि मासिक हप्त्यापाशी संपते. तो कुठे ठेवणार, त्याच्यासमोर कोण किती तास बसणार, पाच वर्षांनी त्याचा एखादा भाग बदलता येईल का, हे प्रश्न बहुधा मागेच राहतात. वास्तविक संगणक किती वर्षे चालेल आणि वापरणाऱ्यांची मान, पाठ व डोळे कसे राहतील, या दोन्हींचे उत्तर त्यांतच असते.

आधी जुन्या संगणकाविषयी. ‘फार स्लो झालाय’ एवढ्या तक्रारीवर नवा घेणे म्हणजे निदानाआधी शस्त्रक्रिया करणे. सात-आठ वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. प्रत्येक फाइल शोधताना तिचे टोक यांत्रिकपणे हलते, त्यात वेळ जातो. तिच्या जागी हलते भाग नसलेली एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीवरून ८ किंवा १६ जीबी केली, तर ऑनलाइन वर्ग, बँकेची कामे, लेखन, व्हिडिओ कॉल यांसाठी तोच संगणक आणखी काही वर्षे सहज चालतो. खर्चही नव्याच्या मानाने थोडा. मात्र रॅम वाढवण्याची सोय त्या मॉडेलमध्ये आहे ना, हे आधी पाहावे.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते आणि बरेच जुने प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे धडधाकट यंत्रेही अडगळीत चालली आहेत. अपडेट न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे खरेच. पण अशा यंत्रावर लिनक्स मोफत बसवता येते. ब्राउझर, पत्रलेखन, मराठी टंकलेखन सगळे त्यावर चालते. घरात एखादा हौशी जाणकार असेल, तर हा पर्याय आधी आजमावावा.

नवा घ्यावाच लागला, तर दुकानात तीन प्रश्न विचारावेत. रॅम पुढे वाढवता येईल का? एसएसडी बदलता येईल का? बॅटरी बदलून मिळेल का? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली, तेवढीच शेवटपर्यंत. अशा वेळी सुरुवातीलाच १६ जीबी घेणे शहाणपणाचे. ज्या घरात संगणक एकाच टेबलावर राहणार आहे, तिथे डेस्कटॉप हाच दीर्घायुषी पर्याय. त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतो आणि चांगला मॉनिटर पुढच्या संगणकालाही उपयोगी पडतो.

दोन खोल्यांच्या घरात टेबलालाच जागा नसते, कॉलेजला जाणाऱ्या मुलांना यंत्र सोबत न्यावे लागते. तिथे लॅपटॉपच व्यवहार्य. पण त्याचा एक दोष कितीही पैसे मोजले तरी जात नाही. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर ठेवला तर पडदा खाली जातो, मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उचलले जातात, खांदे आखडतात. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे. मान जितकी पुढे झुकते, तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. थोडा वेळ तो सोसतो. रोज पाच-सहा तास सोसत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. घरी वापरताना लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडावेत. पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. बायफोकल वा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी तो आणखी थोडा खाली ठेवावा, नाहीतर जवळच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते. मुलांचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट द्यावा. गादीवर लॅपटॉप ठेवून काम केल्यास पाठ तर दुखतेच, शिवाय हवेची वाट अडून यंत्र तापते आणि उष्णतेने बॅटरी लवकर थकते.

डोळ्यांचे म्हणाल, तर पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्यावर मात्र पैसे घालवण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, अशा भिंगांनी डोळ्यांचा थकवा अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसून आले नाही. तेच पैसे मोठ्या, सुस्पष्ट मॉनिटरला द्यावेत.

संगणक लवकर बदलण्याची किंमत घराबाहेरही कुणीतरी मोजत असते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातल्या पाव हिश्श्याहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा उघड्यावर तोडला किंवा जाळला जातो. त्यातले शिसे तिथे राहणाऱ्या मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते. म्हणून यंत्र निकामी झालेच, तर आपली माहिती पुसून ते अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे.

प्रोसेसरची एक पायरी खाली उतरली तर घरगुती कामात फरक क्वचितच जाणवतो. त्या वाचलेल्या पैशांत स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि पाठीला आधार देणारी खुर्ची बसते, आणि तिन्ही पुढच्या संगणकालाही चालतात. यंत्राचे बहुतेक भाग बदलून मिळतात. मानेच्या मणक्यांचे तसे नाही.